आधी आई दाखवा

वेल्समध्ये घरी कॉर्गीची पैदास करणाऱ्या एखाद्या बाईंना फोन करावा आणि पहिलाच प्रश्न 'पिल्लू केवढ्याला?' असा टाकावा, की पुढचं बोलणं बहुधा दोन मिनिटांत आटोपतं. पिल्लं सगळी आधीच ठरून गेली आहेत, असं गोड आवाजात सांगितलं जातं. हीच चौकशी जरा वेगळ्या वळणानं केली, तर मात्र समोरून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दिवसा घरी कोण असतं? जिने किती चढावे लागतात? बागेच्या कुंपणाला खालून फट आहे का? लहान मुलं आहेत का, आणि ती घरभर पळणारी आहेत का? याआधी कुत्रा पाळला होता का, आणि तो कशानं गेला? या शेवटच्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो आणि ते देताना किती घुटमळतो, यावर बरंच काही ठरतं.

दीड-दोन हजार पौंड, म्हणजे आपले पावणेदोन-सव्वादोन लाख रुपये मोजायला निघालेल्या गिऱ्हाइकाची अशी उलटतपासणी तिकडे कुणाला खटकत नाही. ज्याला काहीच विचारायचं नसतं त्या ब्रीडरकडून पिल्लू घेऊ नये, असंच जाणकार सांगतात.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी उभा राहिला तर जमिनीपासून खांद्यापर्यंत जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर भरतो. नराचं वजन दहा-बारा किलो, मादीचं त्याहून किलोभर कमी. कान कोल्ह्यासारखे ताठ, छाती रुंद, आणि पाय असे की धड एका कुत्र्याचं आणि पाय दुसऱ्याचे वाटावेत. फोटोत तो खेळण्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो गुरं हाकणारा कुत्रा आहे. पश्चिम वेल्समधल्या पेम्ब्रोकशर, कार्मार्थनशर, कार्डिगनशर या भागांत शेतकरी गुरं चरायला आणि बाजाराला न्यायचे, तेव्हा हा मागून धावायचा आणि रेंगाळणाऱ्या गाईच्या टाचेला दातानं चिमटा काढायचा. गाय लाथ झाडते ती मागे आणि वर. बुटका कुत्रा चावा घेऊन तिथेच पोट जमिनीला लावतो आणि लाथ डोक्यावरून निघून जाते. उंच कुत्र्याचा जबडा फुटला असता.

आपल्याकडच्या धनगरांबरोबर फिरणारी कुत्रीही मेंढपाळाचीच, पण त्यांची नोकरी निराळी. ती रात्री वाड्याची राखण करतात, लांडगा आला तर अंगावर जातात. मेंढरं वळवायची ती धनगरानं, हाळी घालून आणि काठीनं. राखणदार कुत्र्याला जनावराच्या मागे धावायची खोड असून चालत नाही. कॉर्गीच्या पूर्वजांत तीच खोड निवडून निवडून पक्की केलेली आहे. पिल्लू विकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे पिल्लू घरी आल्यावरच कळतं, जेव्हा ते पाच वर्षांच्या मुलाच्या टाचेला लागतं.

घरी कॉर्गी वाढवणाऱ्यांत सर्वांत गाजलेलं नाव अर्थातच दुसऱ्या एलिझाबेथ राणीचं. १९३३ साली तिचे वडील, तेव्हाचे ड्यूक ऑफ यॉर्क, यांनी थेल्मा ग्रे यांच्या रोझावेल केनेलमधून डूकी नावाचं पिल्लू घेतलं. दाखवलेल्या पिल्लांतून घरच्यांनी थोडी शेपूट शिल्लक असलेलं निवडलं, कारण स्वारी खूश झाली की ते कळायला काहीतरी हलायला हवं, असा किस्सा सांगतात. १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवसाला राजकन्येला सुझन मिळाली. १९४७ मध्ये लग्नानंतरच्या प्रवासातही सुझन घोडागाडीत पांघरुणाखाली दडून बरोबर गेली होती. या एका मादीपासून राणीनं चौदा पिढ्या वाढवल्या. त्यांची नोंदणी 'विंडसर' या उपनामानं व्हायची. पिल्लं विकली जात नसत, ओळखीपाळखीच्या घरांत दिली जात. त्या वंशातली शेवटची विलो २०१८ मध्ये गेली. आपल्या मागे तरुण कुत्री उरू नयेत म्हणून राणीनं पैदास थांबवली, असं तिच्या जवळच्यांकडून सांगितलं गेलं. तरी २०२२ मध्ये राणी गेली तेव्हा म्यूक आणि सँडी ही दोन तरुण कॉर्गी मागे होतीच. ती राणीचे चिरंजीव, तेव्हाचे राजपुत्र अँड्र्यू आणि त्यांच्या घटस्फोटित पत्नी सारा फर्ग्युसन यांच्याकडे गेली.

राजवाड्याचा एवढा वरदहस्त असूनही कॉर्गी मधल्या काळात जवळजवळ विसरला गेला होता. २०१४ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबकडे पेम्ब्रोकची फक्त २७४ पिल्लं नोंदली गेली. वर्षाला ३०० पेक्षा कमी नोंदणी असलेल्या देशी जातींना क्लब 'धोक्यातल्या' यादीत टाकतो. त्या यादीत कॉर्गीचं नाव लागलं. कारणं बरीच सांगतात. म्हाताऱ्या बायकांचा कुत्रा अशी झालेली प्रतिमा हे एक. दुसरं शेपटीचं. पेम्ब्रोकची शेपूट जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत कापायची जुनी पद्धत होती, ती २००७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्यानं बंद झाली. पोलिसी किंवा शिकारी कामाच्या काही कुत्र्यांना सूट मिळाली, कॉर्गीला नाही. शेपटीचा कॉर्गी म्हणजे कॉर्गीच नव्हे, असं मानणाऱ्या काही जुन्या ब्रीडरनी पैदासच सोडली. काही पेम्ब्रोक जन्मतःच आखूड शेपटीचे असतात, पण तो जनुक आई आणि बाप दोघांकडून आला तर गर्भ तगतच नाही. मग राणीच्या आयुष्यावरची 'द क्राऊन' ही मालिका आली, पडद्यावर कॉर्गी दुडुदुडु धावू लागले, मागणी चढली आणि २०१८ मध्ये जात यादीतून बाहेर पडली.

मागणी एकदम चढते तेव्हाच खरा घोटाळा सुरू होतो, कारण चांगली मादी आयुष्यात मोजकीच वेतं देते. केनेल क्लब एका मादीची चारपेक्षा जास्त वेतं नोंदवत नाही. एका वेतात सहा-सात पिल्लं धरली, तर मागणी चौपट झाल्यावर ती पुरवणार कोण?

पुरवणारे होतेच, आणि तेही कॉर्गीच्या माहेरीच. दुधाचा धंदा परवडेनासा झाल्यावर पश्चिम वेल्समधल्या काही शेतांवर गोठ्यांच्या जागी कुत्र्यांचे गाळे उभे राहिले. ज्या कार्मार्थनशर आणि कार्डिगनशरमध्ये, म्हणजे आजच्या केरेडिगिओनमध्ये, कॉर्गी घडला, तेच भाग पुढे 'पपी फार्म'साठी बदनाम झाले. मादी गाळ्यातच विते, गाळ्यातच दुसऱ्यांदा माजावर येते, पिल्लं दलालामार्फत शहरात जातात. अशाच एका वेल्श फार्ममधून २०१३ मध्ये ल्यूसी नावाची कॅव्हेलियर स्पॅनियल जातीची मादी सोडवली गेली. सतत वेतं देऊन तिचा कणा आणि कंबर पार मोडली होती. मार्क अब्राहम या पशुवैद्यानं तिच्या नावानं मोहीम चालवली आणि 'ल्यूसीचा कायदा' झाला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून, वेल्समध्ये १० सप्टेंबर २०२१ पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालाला किंवा दुकानदाराला विकता येत नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा निवारा केंद्रातून. परवानाधारक ब्रीडरला पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देता येत नाही आणि ते त्याच्या आईबरोबर दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये वर्षाला तीन किंवा जास्त वेतं काढून पिल्लं विकणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. एखाद-दुसरं वेत काढणारी गृहिणी बहुधा त्यातून सुटते, म्हणजे तिच्याकडे परवाना नसला तर लगेच भुवया उंचावायचं कारण नाही.

कायदा आला, तशी पळवाटही आली. चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलेलं नीटनेटकं घर, गालिचावर फार्ममधून आणलेली पिल्लं, शेजारी त्याच जातीची कुठलीशी मादी. भिंतीवर घरच्यांचा एकही फोटो नाही, स्वयंपाकघरात भांडी नाहीत, एवढं ज्याच्या लक्षात येतं तो वाचतो.

खरं घर कसं ओळखायचं? जुन्या ब्रीडरांना विचारलं तर त्या घरापेक्षा मादीबद्दल बोलतात. सहा आठवड्यांपूर्वी व्यायलेली कॉर्गी मादी देखणी नसते. वेतानंतर तिचे केस झडतात, मानेची झालर विरळ होते, कंबर आत गेलेली असते. सड ओघळलेले असतात आणि त्यांच्याभोवती पिल्लांच्या नखांचे ओरखडे दिसतात. पिल्लं तिला पाहताच पोटाखाली घुसतात, आणि एव्हाना त्यांना सुईसारखे दात आलेले असल्यामुळे ती दोन मिनिटं पाजून उठते, कोचावर उडी मारते आणि वरून त्यांच्याकडे बघत बसते. झुपकेदार, चकचकीत केसांची मादी पिल्लांपासून लांब शांत बसलेली असेल, तर ती त्यांची आई असण्याची शक्यता कमीच. आपल्या बैलबाजारात बैलाचे दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. इथे तीच नजर मादीवर टाकायची असते, पिल्लाचे तर अजून दुधाचेच दात आहेत.

पिल्लं स्वयंपाकघरात का वाढवतात, त्यालाही कारण आहे. जन्मताना पिल्लू पाव किलोच्या आसपास असतं, आंधळं आणि बहिरं. डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर. पहिले दोन आठवडे ती प्लायवूडच्या खोक्यात असतात. त्याच्या आतल्या कडेनं जमिनीपासून थोड्या उंचीवर दांडी बसवलेली असते, म्हणजे आई रेलली तरी पिल्लू दांडीखालच्या पोकळीत वाचतं. बाजूला स्वयंपाकघरातलाच वजनकाटा. सगळी पिल्लं सारखीच तांबूस-पांढरी असल्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत लोकरीचा धागा, आणि वहीत रोज लिहिलेले ग्रॅम: निळा ३१०, पिवळा २९५, हिरवा २९५. ज्याचं वजन दोन दिवस हललं नाही, त्याला आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या सडांशी लावतात. ही वही बघायला मागावी. चांगली ब्रीडर ती कौतुकानं दाखवते.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू जगाची नोंद घेऊ लागतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून १९६५ साली त्यावर पुस्तक काढलं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. कपडे धुण्याचं यंत्र, मिक्सर, दारावरचा पोस्टमन, चष्मा लावलेला माणूस, रडणारं तान्हं बाळ: स्वयंपाकघरात हे सगळं आपोआप घडतं, शेडमध्ये नाही. या काळातला निम्माअधिक वेळ पिल्लू ब्रीडरच्याच घरात असतं, विकत घेणाऱ्याच्या नाही. म्हणजे पिल्लाबरोबर ते घरही विकत घेतलं जातं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

यापुढचं काम कागदांचं, आणि इथे घाई करणाऱ्यांना नंतर पशुवैद्याकडे खेपा घालाव्या लागतात. कॉर्गीचे पाय आखूड आहेत ते एका जनुकाची जादा प्रत गुणसूत्रांत भलत्याच जागी जाऊन बसल्यामुळे, हे २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. २०१७ मध्ये अशीच आणखी एक प्रत सापडली. ती पाय आखूड करतेच, शिवाय मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करते. तेव्हा पाठीचं दुखणं हे या बांध्याबरोबरच आलं आहे. कोचावरून उड्या नकोत, जिने कमी हवेत, ही ब्रीडरची किरकिर तिथून येते.

त्याहून वाईट आजार म्हणजे डीजेनरेटिव्ह मायलोपथी. आठ-दहा वर्षांचा, तोवर धडधाकट असलेला कुत्रा मागचा पाय जरासा घासत चालू लागतो. मधल्या दोन नखांची टोकं झिजलेली दिसतात, एवढंच. काही महिन्यांत मागचं धड लुळं पडतं. वेदना नसते आणि उपायही नसतो. माणसाच्या एएलएस या आजारात ज्या जनुकाचा हात आहे, त्याच जनुकातला दोष यामागे असल्याचं २००९ मध्ये कळलं, आणि गालाच्या आतून काडी फिरवून चाचणी करता येऊ लागली. पण पेम्ब्रोकमध्ये दोन्ही प्रती सदोष असलेले कुत्रे इतके आहेत, की त्या सगळ्यांना पैदाशीतून काढलं तर जातच आकसून जाईल. त्यातल्या अनेकांना तो आजार होतही नाही. म्हणून शहाणे ब्रीडर सदोष मादीला स्वच्छ नर देतात. तिची सगळी पिल्लं मग वाहक होतात, आजाराच्या वाटेवर एकही जात नाही, आणि पुढच्या पिढीत पुन्हा निवड करायला जागा राहते. पिल्लाचे आईबाप दोघंही 'क्लिअर' आहेत का, एवढंच विचारून चालत नाही. जोडी कशी जुळवली आहे आणि का, हे विचारावं. ज्याला उत्तर येतं त्यानं विचार केलेला असतो.

याशिवाय रक्त न गोठण्याचा व्हॉन विलेब्रँड आजार आहे, नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे आहेत. ब्रिटनमध्ये प्रत्येक बाजूला शून्य ते ५३ असे गुण देतात, जितके कमी तितकं चांगलं. अहवालावर कुत्र्याचा मायक्रोचिप नंबर असतो. तो समोरच्या मादीच्या मानेवर यंत्र फिरवून जुळतो की नाही हे बघणं उद्धटपणाचं नाही. ब्रीडरकडे यंत्र बहुधा असतं, कारण पिल्लांनाही आठ आठवड्यांच्या आत चिप बसवणं ब्रिटनमध्ये २०१६ पासून बंधनकारक आहे.

फसवणुकीचा एक प्रकार मात्र हसू आणणारा आहे. 'दुर्मिळ फ्लफी' म्हणून लांब केसांचं पिल्लू जादा दरानं विकतात. लांब केस हा अगदी साधा अप्रभावी गुण आहे, प्रदर्शनात तो दोष धरतात, आणि घरी तो फक्त कंगवा आणि चिखल वाढवतो. 'ब्लू मर्ल पेम्ब्रोक' तर त्याहून संशयास्पद. तो रंग कार्डिगन या दुसऱ्या कॉर्गी जातीत असतो, पेम्ब्रोकमध्ये नाही. १९३४ साली या दोन जाती वेगळ्या नोंदल्या गेल्या. तेव्हा एकतर संकर झालाय किंवा विकणाऱ्याला जात माहीत नाही.

आता पिल्लू निवडणं. इथे लोकांची निराशा होते, कारण बरेच ब्रीडर निवडू देत नाहीत. सातव्या आठवड्यात पिल्लाला उताणं करून, चेंडू टाकून 'स्वभाव चाचणी' घ्यायची फॅशन आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कोली या गुरं-मेंढरं वळणाऱ्या जातीच्याच पिल्लांची अशी चाचणी घेऊन ती मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. २०१४ मधल्या त्यांच्या अभ्यासात धुंडाळण्याची वृत्ती सोडली तर बाकी जवळजवळ काहीच जुळलं नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत जे पिल्लू धावत पायाशी येतं, ते बहुधा नुकतंच झोपून उठलेलं असतं. आठ आठवडे रोज बघणाऱ्या बाईला जास्त कळतं. शिवाय सर्वांत चांगलं पिल्लू विकायला नसतंच. घरगुती ब्रीडर वेत काढते तेच मुळात आपल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मादीच्या जागी एक लेक ठेवायला. बाकीची पिल्लं इतरांची.

दिलेल्या पिल्लावरही तिचा हक्क पूर्ण सुटत नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांची संस्था आणि आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था यांनी मिळून तयार केलेला 'पपी काँट्रॅक्ट' वापरतात. त्यात आरोग्याचे अहवाल, जंतांची औषधं, लस असं सगळं लिहिलेलं असतं. चांगल्या ब्रीडर बहुधा त्यात एक ओळ वाढवतात: कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं सांभाळता आलं नाही तर कुत्रा आमच्याकडे परत. केनेल क्लबच्या नोंदणीवरही दोन शिक्के मारता येतात. एकामुळे त्या कुत्र्याची पिल्लं नोंदता येत नाहीत, दुसऱ्यामुळे त्याचा परदेशासाठीचा वंशावळीचा दाखला निघत नाही. दुसरं वर्ष उलटल्यावर नितंबांचे गुण आणि चाचण्या समाधानकारक असल्या, तर पहिला शिक्का उठवला जातो.

या दुसऱ्या शिक्क्याचा संबंध थेट आपल्यापर्यंत येतो. पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत कॉर्गी दिसू लागले आहेत. एप्रिल २०१६ मध्ये भारतानं पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आयात करायला मनाई केली. परदेशातून कायमचं परतणारा माणूस आपली पाळलेली कुत्री आणू शकतो, पण ती विकायला किंवा पैदाशीला नाही. तेव्हा जाहिरातीत 'थेट युरोपहून' असं लिहिलं असेल, तर पहिला प्रश्न कागदांचा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार भारतातही पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंश सांगतो, मादी कशी ठेवली आहे ते सांगत नाही. आणि वेल्सच्या पावसासाठी घडलेला हा दुहेरी केसांचा, जमिनीलगतचा कुत्रा मे महिन्यात सोलापूर किंवा नागपूरच्या डांबरी रस्त्यावर दुपारी फिरवायचा नसतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

घरी आल्यावर पहिल्या महिन्यातले फोन ठरलेले असतात. एक कान उभा आहे, एक पडलाय: पक्के दात येईपर्यंत थांबा. रात्री रडतं: खोका तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. मुलाच्या टाचा पकडतं: मुलाला पळणं थांबवून झाडासारखं उभं राहायला शिकवा, पळणारी टाच दिसली नाही की पिल्लाचा खेळ संपतो, आणि तोंडात द्यायला दोरी हाताशी ठेवा. त्यानंतर फोन विरळ होतात आणि ब्रीडरच फोन करू लागते. तिला फोटो हवा असतो, पण चेहऱ्याचा नाही. कुत्र्याला जमिनीवर उभं करून बरोबर वरून काढलेला, म्हणजे बरगड्यांच्या मागे कंबर आत गेली आहे की नाही ते दिसतं. नसेल, तर संध्याकाळच्या वाटीतलं अन्न त्याच दिवसापासून कमी करायला सांगते.